भाच्याची यादी आणि तुमचं लिस्बन

*सप्रेम नमस्कार. मी वसईची, वय ५६. सहकारी बँकेत ३१ वर्षं काढून गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगा-सून फ्रँकफर्टला असतात. येत्या मेमध्ये तीन आठवडे त्यांच्याकडे जाणार आहे. हे येत नाहीत, त्यांना विमानाचा कंटाळा. त्या तीन आठवड्यांत चार दिवस मला एकटीला लिस्बनला जायचंय. लहानपणापासून किल्ल्याच्या तटावर बसून पोर्तुगीज, पोर्तुगीज ऐकत आले. ते आले कुठून, ते एकदा बघायचं आहे. शुक्रवारी दुपारी पोचायचं, मंगळवारी दुपारी निघायचं. भाच्याने एक्सेलमध्ये यादी करून दिली आहे, ती जोडते आहे. तो म्हणतो, पोर्तुगालचाच व्हिसा काढ, लवकर मिळतो. मुलगा म्हणतो, आई, मी रजा टाकतो. हे म्हणतात, ग्रुप टूरने जा. मागे एकदा तसंही गेलो होतो, नऊ दिवसांत सहा देश. बसची खिडकी आणि रात्रीची पावभाजी तेवढी आठवते. खरं सांगू? मला बरोबर कुणीच नको आहे, पण ते बोलून दाखवायला लाज वाटते. मासे खाते, मटण, बीफ, डुक्कर नाही. इंग्रजी कामापुरतं. हा वेडेपणा आहे का? — एक वाचक, वसई*

ताई, नमस्कार.

वेडेपणा आहे, पण तुमच्या जाण्यात नाही. भाच्याच्या यादीत आहे. मी ती बोट ठेवून मोजली. साडेतीन दिवसांत ३४ ठिकाणं. शनिवारी सिंत्रा, काबो दा रोका आणि कश्काइश. रविवारी सव्वाशे किलोमीटरवरचं फातिमा आणि येताना ओबिदुश. सोमवारी लिस्बनच्या नदीकाठचं बेलें, ‘बेलेंमधली सर्व ठिकाणं’, प्रत्येकासमोर मिनिटं घातलेली. एका मठाला ३५, एका बुरुजाला २०. सोमवारी तो मठ आणि तो बुरूज दोन्ही बंद असतात, हे त्याच्या रकान्यात बसलेलं नाही.

पोराची हौस आहे, रागावू नका त्याला. पण यादी नीट बघा. ज्या टूरमधली पावभाजीच तेवढी आठवते, तीच टूर आहे ही. फक्त टूर मॅनेजरच्या हातात झेंडा नाही, तो तुमच्याच पर्समध्ये घडी करून ठेवलाय. एकटं जाण्यातली खरी चैन एवढीच की कुणासाठी थांबायचं नाही आणि कुणी ‘चला, चला’ म्हणणार नाही. ती चैन घरीच टाकून जायची असेल, तर मग मुलालाच बरोबर न्या, बॅगा तरी उचलेल.

आता लाजेचं. मुलगा रजा टाकतो म्हणतो, कारण त्याला वाटतं तुम्ही भिडेखातर ‘मी एकटी जाईन’ म्हणताय. त्याला कोड्यात ठेवू नका. सरळ सांगा, “बाळा, तुझ्याकडे तीन आठवडे आहेच मी. हे चार दिवस मला माझ्या चालीने चालायचंय.” यात त्याचा अपमान नाही. आणि तुमच्या यजमानांना ग्रुप टूर सुचवताना काळजी आहे ती रोजच्या खुशालीची. तिची सोय वेळेच्या गणिताने होते. मेमध्ये लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तुम्ही रात्री नऊला खोलीवर पोचून फोन केलात तर वसईत दीड वाजलेला असेल, आणि दीड वाजता वाजलेला फोन म्हणजे काळजी दुप्पट. त्यापेक्षा तुम्ही सकाळी आठला, नाश्त्याआधी करा. तेव्हा ते जेवायला बसायच्या बेतात असतील. रोज एक फोन, ठरलेल्या वेळी, बस.

व्हिसाचं मात्र भाच्याने साफ चुकीचं सांगितलंय. शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा, नियम असा, की ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, अर्ज त्याच्याकडे. तुमचे तीन आठवड्यांतले चारच दिवस पोर्तुगालमध्ये, म्हणजे अर्ज जर्मनीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ताणून ४५. उन्हाळ्यात खरी मारामारी अपॉइंटमेंटची असते, तेव्हा होळीची वाट बघू नका. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. अर्जासोबतच्या पत्रात लिस्बनचे चार दिवस लपवू नका, हॉटेलचं बुकिंग जोडा. फ्रँकफर्ट ते लिस्बन हा शेंगेनच्या आतला प्रवास, त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसाही पुरतो. ‘जाताना दोन दिवस लंडन करून घे’ असं कुणी सुचवलं, तर तो वेगळा व्हिसा आणि वेगळी डोकेदुखी, हे ध्यानात असू द्या. २०२५च्या ऑक्टोबरपासून युरोपात शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला लागले आहेत. ते सगळं फ्रँकफर्टलाच होईल. आणि मोबाईलचं सिम मुलाने जर्मनीत घेऊन दिलं की तेच पोर्तुगालमध्ये वेगळा आकार न लागता चालतं.

राहायचं कुठे? भाच्याने आल्फामातली खोली काढली आहे, फोटो सुंदर आहेत. आल्फामा हा लिस्बनचा सगळ्यात जुना भाग, डोंगराच्या उतारावर चिकटलेला, नुसत्या पायऱ्या आणि बोळ. टॅक्सी दारापर्यंत जाईलच असं नाही, आणि चाकांची बॅग तिथे चाकांवर चालत नाही. बैरु आल्तु म्हणून दुसरा भाग आहे, तो रात्री जागतो आणि बाकीच्यांनाही जागवतो. तुम्ही बैशामध्ये राहा, किंवा रोसिउ चौकाच्या आसपास. सपाट भाग आहे, मेट्रो आहे, संध्याकाळी वर्दळ आहे. बुक करताना एकच प्रश्न विचारा, लिफ्ट आहे का? इमारती अडीचशे वर्षांच्या आहेत, ‘दुसरा मजला’ म्हणजे काय ते गेल्यावरच कळतं. शहराचा कर माणशी रात्रीमागे ४ युरो वेगळा पडतो, तो बहुधा हॉटेलातच मागतात. विमानतळावरून मेट्रोची लाल लाईन आलामेदाला, तिथून हिरवी लाईन रोसिउला. एकदाच बदलायची. विरारची गाडी पकडणाऱ्या बाईला हे मी काय शिकवू!

आता दिवस. शुक्रवारी काहीही ‘बघू’ नका. बॅग टाका आणि सरळ नदीच्या दिशेने चालत सुटा. रस्ते पट्टीने आखल्यासारखे आहेत, चुकणं अवघड. नावंही पेठांसारखी, एक चांदीवाल्यांचा, एक सोन्याचा, एक चांभारांचा. शेवटी मोठा चौक लागतो. पाट्यांवर प्रासा दु कोमेर्सिउ, म्हणजे व्यापाराचा चौक, पण लिस्बनकर त्याला अजून ‘तेरैरु दु पासु’ म्हणतात, राजवाड्याचं अंगण. राजवाडा १७५५च्या भूकंपात गेला, अंगण राहिलं. तिथे पाण्यात उतरणारा दोन खांबांचा घाट आहे. त्याच्या पायऱ्यांवर बसा. समोर दिसतो तो समुद्र नाही, तेजू नदी आहे. एवढी रुंद, की मला पहिल्या दिवशी पटलंच नव्हतं. तुम्हाला पटेल, तुम्ही वसईची खाडी बघितली आहे. मेमध्ये दिवसा हवा छान असते, पण संध्याकाळी पाण्यावरून गार वारा सुटतो, जाकीट लागतं.

शनिवार हा तुमचा मुख्य दिवस, आणि माझा शनिवार भाच्याच्या यादीत कुठेच नाही. सकाळी सांव विसेंत द फोरा नावाच्या मठात जा. डोंगरावर आहे, २८ नंबरची पिवळी ट्राम दारावरून जाते. आत निळ्या-पांढऱ्या फरशांच्या भिंतीच्या भिंती आहेत. या फरशांना आझुलेजु म्हणतात. इसापच्या वळणाच्या गोष्टी चितारलेला एक अख्खा संच तिथे आहे, कोल्हे-करकोचे सगळे. पण तुम्हाला मी पाठवतेय ते त्यासाठी नाही. मठाच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांसा राजघराण्याच्या थडग्यांची खोली आहे, आणि तिथे कातारिना आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची बायको. १६६१च्या लग्नाच्या करारात जिच्याबरोबर मुंबई आंदण गेली, ती ही. आपण शाळेत ‘हुंड्यात दिली’ असं एका ओळीत वाचतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. जिच्या नावावर ही देवाणघेवाण झाली ती बाई पुढे विधवा होऊन परत आली आणि १७०५ साली लिस्बनमध्येच वारली. आणि गंमत बघा. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं तेव्हा वसई होतं. म्हणजे मुंबई वसईच्या हाताखाली! तेव्हा विरार लोकल नव्हती म्हणून, नाहीतर उलट्या दिशेला गर्दी झाली असती. मी त्या खोलीत गेले तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मुंबईची एक बाई तिला भेटायला आली आहे, असं काहीतरी मनात आलं आणि मी उगीच पदर सारखा केला.

मठाच्या मागेच, मंगळवारी आणि शनिवारी, फैरा दा लाद्रा भरतो. लाद्रा म्हणजे चोरटी बाई. म्हणजे आपला चोरबाजारच, नावासकट. फुटक्या बश्या, जुनी पोस्टकार्डं, कुणाच्या तरी आजीचे चष्मे, सुट्या फरशा. जुनी म्हणून विकली जाणारी सुटी फरशी घेऊ नका, त्या पुष्कळदा घरांच्या आणि चर्चच्या भिंतींवरून चोरलेल्या असतात. खाली दिसणारा पांढरा घुमट म्हणजे सांता एन्ग्रासिया, देशाच्या थोर माणसांचं स्मारक. १६८२ला काम सुरू झालं, १९६६ला संपलं. पोर्तुगीजमध्ये न संपणाऱ्या कामाला ‘सांता एन्ग्रासियाचं काम’ म्हणतात. मुंबई-गोवा महामार्ग आपण बांधतोय, म्हण अजून बांधायची आहे.

तिथून उताराने आल्फामात शिरा आणि नकाशा पर्समध्ये ठेवा. हे नावच अरबी आहे, गरम झऱ्यांवरून पडलेलं. ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु एन्रिकेश याने हे शहर मुसलमानांकडून घेतलं, त्याआधीची वस्ती ही. चुकाल, आणि चुकलात की उतार धरा, उतार नदीपाशी नेतोच. दोऱ्यांवर कपडे, खिडकीत कुंड्या, दारात खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या. त्यांचे फोटो काढू नका. तुमच्या पापडीतल्या किंवा नालासोपाऱ्यातल्या ओट्यावर कुणी येऊन तुमचा काढला तर कसं वाटेल? सांता लुझिया नावाचा सज्जा लागेल. तिथल्या भिंतीवरच्या फरशांत भूकंपाआधीचा तो राजवाड्याचा चौक रंगवलाय. काल तुम्ही ज्या पायऱ्यांवर बसला होता, ते अंगण तेव्हा कसं होतं ते दिसेल. वर सांव जॉर्जचा किल्ला आहे. मोर फिरतात आत. तटावरून चांगलं दिसतं, पण किल्ल्यात वाढलेल्या माणसाला तिकीट काढून किल्ला बघायचा उत्साह असेल तरच चढा.

रविवारी बेलें. वास्को द गामा १४९७च्या जुलैत याच किनाऱ्यावरून निघाला. कैश दु सोद्रे स्टेशनातून लोकल पकडली की काही मिनिटांत पोचता, ट्रामची गर्दी टळते. जेरोनिमुश मठाचं काम १५०१मध्ये सुरू झालं, मसाल्यावरच्या करातून. म्हणजे खर्च मिऱ्यांनी केला. आतल्या चौसोपीत दगडावर दोरखंड, गाठी, समुद्री वेली कोरल्या आहेत. तासभर सहज जातो. चर्चमध्ये रविवारी सकाळी मिस्सा असते, तेव्हा तिथे दुपार धरा. आत शिरल्या शिरल्याच वास्को द गामाचं थडगं आहे. कोचीला १५२४मध्ये वारला, अस्थी पंधरा वर्षांनी इकडे आणल्या. तिकीट आधी ऑनलाईन काढा, नाहीतर अर्धा दिवस रांगेत. बेलेंचा बुरूज नदीकाठी आहे. आत जाऊ नका, जिने अरुंद आहेत, बाहेरूनच शोभतो. त्याच्या एका कोपऱ्याखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं शोधा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सु द आल्बुकर्कला गेंडा भेट दिला, त्याने तो राजाकडे धाडला, १५१५च्या मेमध्ये तो लिस्बनला उतरला. पोर्तुगीज त्याला ‘गांडा’च म्हणायचे, आपलाच शब्द. पुढे राजाने तो पोपला नजर केला आणि वाटेत जहाज बुडालं. बिचाऱ्याला कुणीच विचारलं नसेल.

जवळच्या बागेत त्याच आल्बुकर्कचा पुतळा खांबावर उभा आहे. आपल्या हापूसला याचंच नाव चिकटलं असं सांगतात. नदीवर शोधकर्त्यांचं स्मारक आहे, १९६०चं, दगडी जहाजावर सगळे चढलेले. गोंयचो सायब, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरही आहेत त्यात. तिकडे सगळी ‘शोधां’ची गोष्ट चालते. तुम्ही १७३९मध्ये चिमाजी अप्पाने जिंकलेल्या गावच्या. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा.

आणि हो, कस्टर्डच्या त्या प्रसिद्ध पेस्ट्र्या. १८३४मध्ये मठ बंद झाले आणि १८३७पासून मठाच्या कृतीने शेजारच्या दुकानात त्या होतात. बाहेर लांबलचक रांग असते ती बांधून नेणाऱ्यांची. तुम्ही आत जा, खोल्यांमागून खोल्या आहेत, बसा, दोन मागवा, वर दालचिनी भुरभुरा. अंडं असतं त्यात, तुम्हाला चालतं ना?

सोमवारी बहुतेक सरकारी संग्रहालयं बंद, म्हणून सगळे सिंत्राला पळतात. रोसिउहून गाडी आहे, पाऊण तासाच्या आतच पोचवते. महाल रंगीत, बाग मोठी, गर्दी अफाट. जाणारच असाल तर फक्त पेना महाल, वेळेचं तिकीट आधी काढून, आणि काबो दा रोका-कश्काइश काट मारून. पण माझं मत विचाराल तर जाऊ नका. सोमवारी कार्मूचा मठ उघडा असतो, त्याची सुट्टी रविवारी. तो तुमच्यासाठीच ठेवलाय मी.

१७५५ची १ नोव्हेंबर. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या. भूकंप झाला. मेणबत्त्यांनी आगी लावल्या. माणसं मोकळी जागा म्हणून नदीकाठी पळाली आणि तिथे समुद्राचं पाणी चढून आलं. कार्मूचं छप्पर त्या दिवशी कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी उभ्या, वर आभाळ, खाली गवत. तुम्ही वसईच्या किल्ल्यात छप्पर नसलेली चर्चं बघतच वाढलात. इकडचं भूकंपाने गेलं, तिकडची युद्धाने आणि मग कुणी वाली न उरल्याने. दगड मात्र ओळखीचा वाटतो. मी त्यात अर्धा तास बसले होते, तुम्ही जास्त बसाल. बाहेरच्या झाडांच्या चौकातही टेका. १९७४च्या २५ एप्रिलला इथल्या लष्करी ठाण्यात पंतप्रधान लपला होता, बाहेर सैनिक आणि माणसांची गर्दी. संध्याकाळपर्यंत जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही संपली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली. त्या सरकारने गोवा भारताचा आहे हे कधी मान्य केलं नव्हतं, नव्या सरकारने त्याच वर्षी केलं.

मग खाली शियादुमध्ये उतरा. १७३२पासून चालू असलेलं पुस्तकांचं दुकान आहे, बर्त्रांद. वसईची लढाई व्हायच्या आधीपासूनचं. उरलेला दिवस मोकळा. मंगळवारची सकाळही.

२८ नंबरच्या ट्रामबद्दल. ती जुनी लाकडी, तिच्यात बसावंसं वाटतं, आणि खिसेकापूंनाही वाटतं. पर्स पोटाशी, पासपोर्ट कपड्यांच्या आत. अकरानंतर चढूच नका, सकाळी आठला चढा. मी एकदा म्हटलं, शेवटपर्यंत जाऊ, पाटीवर ‘प्राझेरेश’ होतं, म्हणजे सुख, आनंद. उतरले तर समोर स्मशान. प्राझेरेश हे तिथल्या दफनभूमीचं नाव आहे. संगमरवरी छोट्या छोट्या घरांच्या गल्ल्या, सरूची झाडं, एक बाई एका दाराची काच पुसत होती. त्या दिवशीचं बाकी सगळं राहिलं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये ग्लोरिया नावाच्या चढावरच्या केबल गाडीला अपघात होऊन १६ माणसं गेली. त्यानंतर अशा जुन्या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या होत्या, तेव्हा चढ पायी चढायची तयारी ठेवा.

भीतीचं म्हणाल तर लिस्बन रात्रीही बऱ्यापैकी निर्धास्त आहे. बैशात एखादा माणूस जवळ येऊन कुजबुजत्या आवाजात ‘हशीश’ विचारेल. घाबरू नका, थांबूही नका. तो विकतो ते पुष्कळदा दाबलेलं तमालपत्र असतं म्हणे. पोलीस, अँब्युलन्स सगळ्याला ११२. पैसे काढताना बँकेच्याच एटीएममधून, आणि मशीनने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो.

एकटीने जेवायला बसण्याची धास्ती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असते, मला माहीत आहे. चार खुर्च्यांच्या टेबलाशी एकटी बाई. उपाय सोपा आहे, मुख्य जेवण दुपारी घ्या. छोट्या खाणावळीला तश्का म्हणतात, दारात हाताने लिहिलेला ‘प्रातु दु दिया’, आजचं ताट. दुपारी तिथे कारकून, गवंडी, म्हातारे सगळे एकटेच जेवत असतात, तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. मासे खाता म्हणजे तुमची चंगळ आहे. भाजलेली सार्डिन, कालव-तिसऱ्यांचा भात, आणि बाकाल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, आपल्या सुक्या बोंबलाचा श्रीमंत चुलतभाऊ. बाजारात त्याचा वास आला की तुम्हाला माहेरची आठवण येईल. सांभाळायचं ते सूपमध्ये. काल्दु वेर्द या हिरव्या सूपवर सॉसेजची चकती तरंगत असते. पोर्कु म्हणजे डुक्कर, वाका म्हणजे गाय, पैश म्हणजे मासा. एवढे तीन शब्द पाठ करा. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हसून परत करा, कुणी रागावत नाही. रात्री नुसतं सूप-पाव. नाश्त्याच्या कोणत्याही साध्या दुकानात ‘शमूसा’ दिसेल. तो समोसाच, गोव्या-मोझांबिकमार्गे पोचलेला. आत बहुधा खिमा असतो, विचारून घ्या. घरच्या चवीची आठवण अनावर झाली तर लुमियारला राधाकृष्णाचं मंदिर आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींचं, तिथे शाकाहारी जेवण मिळतं.

आणि भाषेचा बाऊ करू नका. निम्मं घर तुम्हाला येतं. पाव, चावी, साबण, बादली, परात, बटाटा, अननस, लिलाव, पगार, हे सगळं त्यांचंच. उच्चार जरा नाकातून आणि शेवट गिळून. चहाला तर ते ‘शा’ म्हणतात, सगळ्या पश्चिम युरोपात ‘टी’चा गजर चालू असताना. आभार मानताना बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं. मी दोन दिवस पुरुषांचं ‘ओब्रिगादु’ म्हणत होते, एका काउंटरवरच्या आजीबाईंनी दुरुस्त केलं, मग गालावर थापटलं आणि कॉफीचे पैसे मात्र पुरते घेतले.

शेवटचं बुटांचं. लिस्बनच्या फुटपाथांवर चुनखडीचे मुठीएवढे चौकोनी दगड बसवलेले असतात, काळी-पांढरी नक्षी, लोकांच्या पायांनी आरशासारखी गुळगुळीत झालेली. उतारावर, आणि जरासा शिंतोडा पडला असेल तर, ते साबणासारखे सटकतात. रबरी, खाचा असलेल्या तळव्याचे बूट घ्या. मेमध्ये नाही, आत्ता घ्या, आणि घालून फिरा. जीवदानी तुम्हाला जवळ आहे. या महिन्यापासून दर रविवारी पहाटे पायऱ्यांनीच वर जा, तेच बूट घालून, खांद्याला तीच पर्स लावून. चढताना काही कळत नाही. उतरताना गुडघे काय म्हणतात, ते मला कळवा. त्यावर किल्ल्याचं काय करायचं ते ठरवू.